विषमता खुपते की वशिला?

सावकाश (धागाकर्ता)

दरवर्षी मार्चमध्ये जागतिक आनंद अहवाल येतो, फिनलंड पहिला आल्याची बातमी होते आणि मग आठवडाभर लोक सौना (तिथलं वाफेचं स्नान), तळी आणि थंडी यांत त्याचं रहस्य शोधत बसतात. २०१८ ते २०२५ सलग आठ वर्षं हेच चाललं. मला त्या यादीतली वेगळीच एक गाठ सोडवायची आहे, म्हणून हा धागा.

आधी यादी कशी बनते ते थोडक्यात, कारण 'आनंद' म्हटलं की बराच घोळ होतो. या क्रमवारीसाठी 'तुम्ही आनंदी आहात का' असं कोणी विचारत नाही. गॅलप या पाहणी करणाऱ्या संस्थेचे लोक म्हणतात, समोर एक शिडी आहे असं समजा. दहावी पायरी म्हणजे तुमच्या दृष्टीनं शक्य तितकं चांगलं आयुष्य, शून्यावरची म्हणजे शक्य तितकं वाईट. सध्या तुम्ही कुठे उभे आहात? बस्स, एवढंच. हॅडली कँट्रिल या मानसशास्त्रज्ञानं १९६० च्या दशकात ही शिडी रूढ केली. बहुतेक देशांत वर्षाला साधारण १००० जणांना विचारतात आणि तीन वर्षांची सरासरी काढतात. २०२५ च्या अहवालात फिनलंडला ७.७४, अफगाणिस्तानला १.३६. थोडक्यात, माणूस स्वतःच्या आयुष्याला किती गुण देतो ते इथे मोजलंय. खाली 'समाधान' म्हणेन ते याच अर्थानं.

आता गाठ. सोपं उत्तर असं, की जिथे विषमता कमी तिथे लोक समाधानी. नॉर्डिक देश (फिनलंड, डेन्मार्क, नॉर्वे वगैरे) बघितले तर पटतंही. उत्पन्नातली विषमता मोजणारा जिनी गुणांक (सगळ्यांना सारखं मिळालं तर ०, एकट्यालाच सगळं मिळालं तर १००) तिथे २५ ते ३० च्या आसपास असतो. पण त्याच यादीत २०२५ साली कोस्टा रिका सहावा आणि मेक्सिको दहावा आला. दोघांचाही जिनी ४० च्या वर. उलट युक्रेनचा जिनी युद्धाआधीही नॉर्डिक देशांच्या पंगतीला बसेल इतका कमी होता, आणि समाधान पाचाच्याही खाली. म्हणजे सगळे सारखेच असण्यात सुख आहे असं काही सरसकट दिसत नाही.

माझा अंदाज असा, की दुसऱ्याकडे जास्त आहे याचा माणसाला फारसा त्रास होत नाही. ते त्याला कसं मिळालं, हे मात्र आतून कुरतडतं. २०१७ मध्ये क्रिस्टिना स्टारमन्स, मार्क शेस्किन आणि पॉल ब्लूम यांनी आधीचे बरेच प्रयोग एकत्र मांडून हेच म्हटलं: लोक विषमतेवर चिडल्यासारखे वाटतात, पण नीट खोदून विचारलं तर चीड अन्यायाची निघते. शिगेहिरो ओइशी आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतली १९७२ ते २००८ ची पाहणी चाळली. ज्या वर्षी विषमता जास्त त्या वर्षी लोक कमी आनंदी, हे खरं निघालं, पण फक्त कमी उत्पन्नाच्या लोकांत. आणि गंमत म्हणजे त्यांचं उत्पन्न घटलं म्हणून ते दुःखी झाले असं नव्हतं. 'बहुतेक लोक संधी मिळाली तर मला लुबाडतील' आणि 'लोकांवर विश्वास टाकता येत नाही' ही भावना वाढली होती, आणि बराचसा फरक तिथून आला होता.

तेव्हा प्रश्न असा: देशोदेशींच्या समाधानाशी समता जास्त जोडलेली आहे की निःपक्षपातीपणा? वशिल्याशिवाय काम होणं, रांगेत मागून कोणी न घुसणं, न्यायालयात ऐपत न बघितली जाणं, या अर्थानं.

तिरकस

लेख छान, पण फिरून फिरून भोपळे चौकात. वशिल्याशिवाय काम होणारे देश कुठले? श्रीमंत. समाधानी देश कुठले? श्रीमंतच. मग न्यायबिय सोडा, पैसा मोजा. पोट भरलेल्या माणसाला रांगेत उभं राहायला काय जातंय?

आकडेमोड

तिरकस यांची शंका रास्त आहे, सगळ्या चर्चेचा काटा तिथेच अडतो. अहवालात देशादेशांतला फरक समजावायला सहा गोष्टी घेतात: दरडोई उत्पन्न, अडचणीला धावून येणारं माणूस असणं, निरोगी आयुर्मान, आयुष्याचे निर्णय घ्यायची मोकळीक, दानत आणि भ्रष्टाचाराबद्दलचं मत. यातली एकच, शेवटची, थेट न्यायाशी लागून आहे. आणि सहाही एकमेकींत इतक्या गुंतलेल्या आहेत, की एकीला ओढलं की बाकीच्या पाच येतात. युरोपीय संघातल्या देशांसाठी बेर्टेल्समान प्रतिष्ठाननं सामाजिक न्यायाचा निर्देशांक काढला होता. त्यात गरिबी रोखणं, शिक्षणातली संधी, रोजगार, भेदभाव नसणं, आरोग्य आणि पुढच्या पिढीशी न्याय असे भाग होते. त्यात वर असलेले देश समाधानातही वर दिसतात. पण २८ देशांच्या ठिपक्यांवरून कार्यकारण काढायला गेलात तर संख्याशास्त्राचा पहिल्या वर्षाचा विद्यार्थीही हसेल.

म्हणून मी देशांची तुलना बाजूला ठेवून एकाच देशाकडे काळाच्या ओघात बघतो. पैसा वाढला आणि समाधान घसरलं, अशी उदाहरणं सापडली तर पैशाचं उत्तर अपुरं ठरतं. ती आहेत.

चीन घ्या. रिचर्ड ईस्टरलिन आणि सहकाऱ्यांनी १९९० ते २०१० ची माहिती तपासली. या काळात दरडोई उपभोग निदान चौपट झाला. समाधान? आधी घसरलं, २००० ते २००५ च्या दरम्यान तळाला गेलं, मग थोडं सावरलं, आणि वीस वर्षांच्या शेवटी सुरुवातीपेक्षा वर गेलेलं नव्हतंच. सर्वांत मोठी घसरण खालच्या उत्पन्नगटात. १९९० मध्ये वरच्या आणि खालच्या गटाच्या समाधानात फारसा फरक नव्हता, नंतर तो ठळक झाला. सरकारी कारखान्यांतली जन्मभराची नोकरी, तिच्यासोबतचं घर, दवाखाना, पेन्शन हे सगळं याच काळात गेलं. ताटात आलेलं मोजलं तर वाढ, पायाखालून गेलेलं मोजलं तर घट.

दुसरं इजिप्त. २०११ च्या उठावाआधीची पाच-सहा वर्षं अर्थव्यवस्था चांगली वाढत होती. गॅलपच्या पाहणीत आजचं आणि उद्याचं आयुष्य चांगलं आहे असं मानणारे लोक २००५ मध्ये २९ टक्के होते, २०१० मध्ये त्याच्या निम्म्याहूनही कमी. ट्युनिशियातही उठावाआधी अशीच घसरण दिसली. आकडे बघणाऱ्या संस्था तेव्हा या देशांची पाठ थोपटत होत्या.

मुक्ताफळ

माकडांचा प्रयोग कोणीच कसा आणला नाही अजून? एका माकडाला काकडी, शेजारच्याला द्राक्ष. पहिलं माकड काकडी फेकून मारतं! २००३, सारा ब्रॉस्नन आणि फ्रान्स द वाल. न्यायाची चाड लाखो वर्षं जुनी आहे, आणखी काय पुरावा पाहिजे.

आकडेमोड

@मुक्ताफळ, चित्रफीत भारी आहे, पण पुढच्या प्रयोगांत निकाल मिश्र आले. द्राक्ष नुसतं समोर दिसत असेल आणि मिळत नसेल तरी काकडी नकोशी होते असं काहींचं म्हणणं. अन्यायाची चीड आणि अपेक्षाभंग हे माकडात वेगळे काढणं अवघड आहे. (माणसात तरी कुठे सोपं आहे म्हणा.)

रेवा

आकडेमोड यांच्या काळाच्या मुद्द्याला जोडून. अल्बर्ट हर्शमन या अर्थशास्त्रज्ञानं १९७३ मध्ये एक दाखला दिला होता, तो मला या विषयात सर्वांत कामाचा वाटतो. दोन पदरी बोगदा, दोन्ही रांगा एकाच दिशेच्या, आणि वाहतूक ठप्प. तुम्ही डाव्या रांगेत. थोड्या वेळानं उजवी रांग हलायला लागते. तुम्ही अजून जागच्या जागीच आहात, पण तुम्हाला बरं वाटतं, कारण पुढे काहीतरी मोकळं झालंय, आता आपलाही नंबर लागेल. पण बराच वेळ फक्त उजवीच रांग हलत राहिली तर? मग तुम्हाला वाटतं यात काहीतरी काळंबेरं आहे, आणि तुम्ही मधली रेघ ओलांडून घुसायला तयार होता.

म्हणजे तीच विषमता आधी आशा देते आणि मग संताप. मध्ये काय बदललं? विश्वास.

हे नुसतं रूपक राहिलेलं नाही. इरेना ग्रोसफेल्ड आणि क्लॉडिया सेनिक यांनी पोलंडची १९९२ नंतरची माहिती तपासली. साम्यवाद गेल्यानंतरच्या पहिल्या वर्षांत विषमता वाढली तसं लोकांचं समाधानही वाढताना दिसतं. १९९६ च्या सुमारास गाडी उलटी फिरते: विषमता वाढली की लोक देशाच्या अर्थकारणावर नाराज. याच सुमारास संपत्ती भ्रष्ट मार्गानं मिळते असं वाटणारे वाढले. उजवी रांग नियमानं चाललेली नाही, हे लोकांच्या लक्षात आलं.

आणि चिली. २०१९ च्या ऑक्टोबरात सांतियागोच्या मेट्रोचं गर्दीच्या वेळचं भाडं ३० पेसोंनी वाढलं. विद्यार्थ्यांनी फाटकांवरून उड्या मारायला सुरुवात केली, दोन आठवड्यांच्या आत आणीबाणी, आणि २५ तारखेला दहा लाखांवर लोक रस्त्यावर. घोषणा होती 'प्रश्न ३० पेसोंचा नाही, ३० वर्षांचा आहे'. १९९० मध्ये लोकशाही परत आल्यापासूनचा हिशेब मागत होते लोक. पेन्शन खासगी, चांगला दवाखाना पैसेवाल्यांना, चांगली शाळा पैसेवाल्यांना.

मात्र इथे सावकाश यांच्या मांडणीला एक टोचणी आहे. शिडीच्या पाहणीत चिलीचे लोक तेव्हाही स्वतःला सहाच्या वरच गुण देत होते. जगाच्या सरासरीपेक्षा चांगले! 'माझं आयुष्य बरं चाललंय' आणि 'हा देश लुटारूंचा आहे' ही दोन्ही वाक्यं एकच माणूस एका दमात बोलू शकतो. मग समाधानाच्या आकड्यात अन्याय दिसेलच असं कशावरून?

पैलतीर

फिनलंडमध्ये बरीच वर्षं राहतो म्हणून लिहितो. इथले लोक स्वतः त्या पहिल्या नंबरावर हसतात. सौना वगैरे ठीक. मला विचाराल तर इथे आयुष्य सोपं होतं ते सरकारी कचेरीची भीती वाटत नाही म्हणून. अर्ज केला की कोणाच्या ओळखीचा आहे हे न बघता तो पुढे सरकणार, हे गृहीत असतं. इतकं गृहीत, की त्याबद्दल कोणी बोलतही नाही.

एक गोष्ट परक्यांना नवल वाटते ती दंडाची. मोठ्या गुन्ह्यांत दंड ठरावीक रकमेत नसतो, माणसाच्या रोजच्या कमाईच्या पटीत असतो. ही पद्धत १९२१ पासूनची. २०२३ मध्ये आलँड बेटांवर एका बड्या उद्योजकानं ५० च्या हद्दीत ८२ नं गाडी हाकली, १ लाख २१ हजार युरो भरावे लागले. शिक्षा सगळ्यांना सारखीच टोचली पाहिजे, हा त्यामागचा विचार. सारखी रक्कम आणि सारखी शिक्षा यांतला फरक इथल्या शेंबड्या पोरालाही कळतो.

दुसरी गोष्ट शाळेची, आणि ही जास्त महत्त्वाची. पूर्वी साधारण अकराव्या वर्षी मुलांची वाटणी व्हायची: पुढे शिकणारी एकीकडे, कामाला लागणारी दुसरीकडे. १९७२ ते १९७७ दरम्यान, उत्तरेकडून सुरुवात करून एकेक भाग घेत, ही वाटणी सोळाव्या वर्षापर्यंत पुढे ढकलली. सगळी मुलं एकाच शाळेत. सगळीकडे एकदम बदल न झाल्यामुळे अभ्यासकांना आयती तुलना मिळाली. बापाच्या कमाईवरून मुलाची कमाई किती ठरते, ते नातं सुमारे २३ टक्क्यांनी सैल झालं. असल्या बदलाची फळं दिसायला तीस वर्षं लागतात, त्यामुळे कुठल्याच निवडणुकीत त्याचा उपयोग नाही.

तिसरी गोष्ट तिरकस यांना आवडेल. दर नोव्हेंबरच्या सुरुवातीला इथे सगळ्यांच्या करपात्र उत्पन्नाची माहिती खुली होते. वर्तमानपत्रं याद्या छापतात. लोक त्याला हेव्याचा दिवस म्हणतात.

तिरकस

आवडलंच! कारण शेजारच्या नॉर्वेनं याच पारदर्शकतेचा मस्त प्रयोग करून ठेवलाय. २००१ पासून तिथली कराची माहिती इंटरनेटवर आली. शेजाऱ्याचं नाव टाका, कमाई बघा. लोकांना व्यसनच लागलं. रिकार्डो पेरेझ-त्रुलिया यांनी २०१३ पर्यंतची माहिती तपासली तर श्रीमंत आणि गरीब यांच्या आनंदातली दरी २९ टक्क्यांनी आणि समाधानातली २१ टक्क्यांनी वाढलेली. गरिबाला कळलं आपण किती खाली आहोत, श्रीमंताला कळलं किती वर. २०१४ मध्ये नियम केला की कोणी बघितलं ते ज्याचं बघितलं त्याला कळणार, आणि शोध धाडकन घसरले.

आणि नॉर्वे म्हणजे तुमचा न्यायाचा मेरुमणी. वशिला नाही, लाच नाही. तरी नुसता आकडा दिसला आणि माणूस खट्टू. मग सावकाश, खुपतं काय? विषमताच ना?

कॅलिफोर्निया विद्यापीठातही तेच. कर्मचाऱ्यांना सांगितलं की सगळ्यांचे पगार अमुक संकेतस्थळावर दिसतात. आपल्या विभागातल्या मधल्या पगारापेक्षा खाली असणारे नाराज झाले, वर असणारे खूश वगैरे काही झाले नाहीत. एकूण बेरीज तोट्यात.

सावकाश

तिरकस, नेमकं बोट ठेवलंत. तुलना खुपते, नाकारत नाही. पण एक बघा. शेजाऱ्याची कमाई दिसली तेव्हा आकडाच तेवढा दिसला, ती कशी झाली ते नाही. नुसत्या आकड्यात मनाला हवं ते भरता येतं, आणि आपण सहसा वाईटच भरतो. शिवाय दरी वाढूनही नॉर्वे त्या सगळ्या वर्षांत यादीच्या वरच्या टोकालाच होता. हेवा गुण कापतो, पण पाया खचवत नाही. इजिप्तमध्ये झालं ते पाया खचणं होतं. दोन्हींना एकाच मापानं मोजायचं का, मला शंका आहे.

रेवा यांच्या टोचणीवर विचार करतोय. स्वतःचं आयुष्य आणि समाज यांना वेगळे गुण देता येतात हे खरं. तरी लोक अन्यायाची किंमत कुठेतरी मोजतातच.

जास्वंद

इतका वेळ नुसती वाचत होते. सगळे प्रक्रियेबद्दल बोलताय, तर दक्षिण कोरियाचं काय करायचं? कारण प्रक्रियेच्या काटेकोरपणात त्या देशाचा हात धरणारा विरळा. विद्यापीठ प्रवेशाची परीक्षा नोव्हेंबरात एका दिवशी, सगळ्यांना तीच. इंग्रजी ऐकण्याचा पेपर चालू असताना आवाज नको म्हणून विमानांची उड्डाणं थांबवतात. उशीर झालेल्या मुलाला पोलीस मोटरसायकलवरून पोचवतात. वशिला खपवून घेतला जात नाही: २०१६ मध्ये राष्ट्राध्यक्षांच्या मैत्रिणीच्या मुलीला एका नामांकित विद्यापीठात मागच्या दारानं प्रवेश मिळाल्याचं उघड झालं, तिथून पेटलेल्या ठिणगीनं शेवटी पार्क ग्युन-हे यांचं पद गेलं. न्यायाबद्दल इतकी जागरूक जनता कुठे सापडेल?

आणि समाधान? सहाच्या आसपास. इतक्या श्रीमंत देशाला ते कमीच. आत्महत्यांचं प्रमाण ओईसीडी (मुख्यतः श्रीमंत देशांची संघटना) देशांत सर्वांत जास्त. ६५ च्या वरच्या माणसांत सुमारे ४० टक्के लोक सापेक्ष गरिबीत. तरुण लोक जन्माच्या चमच्यावरून एकमेकांना ओळखतात: सोन्याचा चमचा, मातीचा चमचा.

माझं म्हणणं असं. शर्यत चोख असेल, पंच निःपक्षपाती असेल, आणि तरीही हरणाऱ्याला दरीत ढकलत असतील, तर त्या चोखपणाचं हरणाऱ्यानं काय करायचं? उलट चोख शर्यतीत हरलं की दोष द्यायलाही कोणी उरत नाही, स्वतःशिवाय. वशिलेबाजीच्या देशात निदान 'आपली ओळख नव्हती' असं म्हणून झोप तरी लागते.

मला वाटतं न्यायाचा विचार करताना सगळे जिंकण्याच्या बाजूनं करतात: कोणाला संधी, कोणाला प्रवेश, कोणाला बढती. समाधान मात्र हरणाऱ्यांच्या आयुष्यावर ठरतं, कारण कुठल्याही देशात तेच जास्त असतात. निवडीत मागे राहिलेला, परीक्षेत नापास झालेला, चाळिशीत नोकरी गेलेला, आजारपणात कर्जबाजारी झालेला. त्याला दवाखाना मिळतो का? त्याची मुलं त्याच शाळेत जातात का, जिथे जिंकलेल्यांची जातात?

रेवा

जास्वंद, टाळ्या. आणि याला आकड्यांचा आधारही आहे. ओइशी, शिमॅक आणि डीनर यांनी २०१२ मध्ये ५४ देशांचा अभ्यास छापला. कर एकूण किती जास्त आहे किंवा सरकार एकूण किती खर्च करतं, याचा समाधानाशी संबंध दिसला नाही. कर किती चढता आहे, म्हणजे जास्त कमावणाऱ्याकडून जास्त दरानं घेतला जातो का, याचा दिसला. आणि दुवा कुठला निघाला? शिक्षण, सार्वजनिक वाहतूक अशा सामाईक सोयींबद्दलचं समाधान. म्हणजे श्रीमंताकडून काढून घेतल्याचा आनंद वगैरे काही नाही (हा आरोप नेहमी होतो), बस वेळेवर येते याचा आनंद.

बो रॉथस्टाइन आणि एरिक उस्लेनर यांचंही साधारण असंच म्हणणं आहे. मदत फक्त 'गरिबांसाठी' म्हणून वेगळी काढली की पात्रता तपासणारा कारकून येतो, त्याच्या मर्जीचा प्रश्न येतो, संशय येतो. सगळ्यांसाठी एकच सोय असली की तो संशय जन्मतच नाही, आणि विश्वास टिकतो. समता आणि निःपक्षपातीपणा तिथे एकाच दारातून आत येतात. धाग्याच्या शीर्षकातला 'की' मला त्यामुळेच थोडा संशयास्पद वाटतो.

मुक्ताफळ

मेक्सिको आणि कोस्टा रिका राहिलेच. तिथले लोक खोटं बोलतात का? :)

आकडेमोड

खोटं नाही. काही भागांतले लोक मोजपट्टीची टोकं जास्त वापरतात, तेवढी सूट धरा. पण मुख्य कारण बहुधा घरातलं आहे. लॅटिन अमेरिकेत नातीगोती घट्ट, घरं माणसांनी भरलेली. २०२५ च्या अहवालात एकत्र जेवण्यावर आणि घरात किती माणसं आहेत यावर स्वतंत्र प्रकरणंच होती, आणि मेक्सिको व युरोपात चार-पाच माणसांची घरं सर्वांत समाधानी निघाली. त्याच देशांत अनोळखी माणसावरचा विश्वास मात्र जगात सर्वांत कमी असलेल्यांपैकी. सरकारनं जे द्यायचं ते कुटुंब देतं. रेवा यांनी चिलीबद्दल लिहिलं त्याचं उत्तरही इथेच असावं: शिडीवरचे गुण घरानं दिले, दगड सरकारवर पडले.

विश्वासाबद्दल आणखी एक. २०१९ मध्ये एक अभ्यास आला, ४० देशांत १७ हजारांवर 'हरवलेली' पाकिटं वेगवेगळ्या कचेऱ्यांत नेऊन दिली आणि किती परत येतात ते पाहिलं. बहुतेक ठिकाणी पैसे असलेली पाकिटं रिकाम्यांपेक्षा जास्त परत आली. लोकांना वाटतं त्यापेक्षा लोक प्रामाणिक असतात. आणि समाधानाशी जोर धरून जुळतं ते 'माझं पाकीट परत येईल' असं वाटणं.

अवांतर: शिडीचा प्रश्नही तपासून घ्यावा. २०२४ मध्ये ब्रिटनमधल्या लोकांवर एक प्रयोग झाला. शिडीचं चित्र काढून घेतलं आणि तोच प्रश्न विचारला, तर पैसा आणि सत्ता यांचा विचार कमी झाला. शिडी म्हटलं की कोणीतरी वर आणि कोणीतरी खाली आलंच.

तिरकस

म्हणजे वाटणं महत्त्वाचं. मग सोपं आहे की! न्याय करायची गरज नाही, न्याय होतोय असं पटवून द्या. अमेरिकेत हे जमलेलंच आहे. आलेसिना, डी टेला आणि मॅककलक यांना २००४ मध्ये दिसलं की विषमतेचा त्रास युरोपातल्या गरिबाला होतो, अमेरिकेतल्या गरिबाला होत नाही, कारण त्याला वाटतं उद्या मीही वर जाईन. प्रत्यक्षात माइल्स कोराक यांनी दाखवलेल्या आलेखात बापाची गरिबी मुलाला चिकटण्याचं प्रमाण अमेरिकेत डेन्मार्कपेक्षा कितीतरी जास्त आहे. अज्ञानात सुख, संशोधनात दुःख.

सावकाश

पटवून दिलेलं किती दिवस टिकतं, ते रेवा यांच्या बोगद्यात आलंच आहे. ओइशी यांचं वरचं काम तर अमेरिकेतलंच आहे. तिथल्या खालच्या गटाचा तो विश्वास हळूहळू झिजताना त्यात दिसतो.

पण 'नुसतं वाटणं' आणि 'खरोखर असणं' यांना वेगळं काढणारा एक अभ्यास मला फार आवडतो. स्वित्झर्लंडचे ब्रूनो फ्राय आणि अलोइस स्टुट्झर, सन २०००. तिथे २६ कँटन (म्हणजे आपल्याकडच्या राज्यांसारखे विभाग), आणि थेट जनमताचे अधिकार प्रत्येक कँटनमध्ये कमीजास्त. अधिकार जास्त तिथे लोक जास्त समाधानी निघाले. आता कोणी म्हणेल, तिथला कारभार चांगला असेल, रस्ते चांगले असतील. म्हणून त्यांनी परदेशी रहिवाशांना वेगळं बघितलं. रस्ते त्यांनाही तेच, शाळा त्याच, कर तेच. फक्त मत नाही. त्यांच्या समाधानातला फरक नागरिकांपेक्षा बराच कमी निघाला. म्हणजे निकालाचा फायदा दोघांना, आणि निर्णयात आपल्याला धरलं जातं याचा फायदा फक्त ज्यांना धरलं त्यांना. हे काही पटवून दिलेलं नाही, मतपत्रिका हातात पडते किंवा पडत नाही.

जास्वंद यांचा हरणाऱ्याचा मुद्दाही मला इथेच जोडावासा वाटतो. मतदानात हरलेलाही पुढच्या वेळी मतदार असतोच. परीक्षेत हरलेल्याला असं काही मिळत नाही.

तिरकस

सुंदर. फक्त एक आठवण. त्याच स्वित्झर्लंडमध्ये त्याच थेट मतदानानं १९५९ मध्ये पुरुषांनी बायकांना मताचा हक्क द्यायला नकार दिला, जवळपास ६७ टक्क्यांनी. देशपातळीवर तो मिळाला १९७१ मध्ये. अपेंझेल इनररोडेनच्या पुरुषांनी त्यानंतरही नाहीच म्हटलं, शेवटी १९९० मध्ये न्यायालयानं आदेश काढला. प्रक्रिया अगदी चोख होती हो. १९५९ साली तिथल्या मतदारांना शिडी दाखवून विचारलं असतं तर भरभरून गुण दिले असते.

जास्वंद

मतदारांना, हो. त्या वर्षी मतदान केंद्राबाहेर थांबलेल्यांचे गुण कोणी घेतले असतील तर मला ते बघायला आवडतील.

सावकाश

फ्राय आणि स्टुट्झर यांची माहिती १९९० च्या दशकातली, म्हणजे हक्क मिळाल्यानंतरची. त्याआधीची तुलना करायची तर कँटनवार बघावं लागेल, कारण व्हो आणि न्यूशातेल या कँटननी १९५९ मध्येच आपल्या पातळीवर बायकांना मत दिलं होतं आणि बाकीचे मागून आले. कोणाला त्या काळातल्या पाहण्या माहीत असतील तर इथेच लिहा, नवीन धागा नको.